बरडावरचा केर

बाजाराचा दिवस, सकाळचे दहा वाजून गेलेले आणि रतनलालच्या दुकानाचं शटर अर्धं खाली... कारंज्याच्या बसस्टँडवरून चालत येताना मी हे लांबूनच पाहिलं आणि मनाशी म्हटलं, शेठकडे पाहुणे आलेले दिसतात. वाईट काही सुचलंच नाही. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवणारा माणूसच नव्हता तो. तापाने फणफणलेला असतानाही मफलर गुंडाळून गादीवर बसलेला मी त्याला पाहिलेला आहे. माझ्या पिशवीत नेपतीच्या झुडपाची एक काटेरी फांदी होती, विटकरी लाल फुलांनी भरलेली. गेल्या बाजाराला त्यानेच विचारलं होतं, "फुलोरा लागला का बे?" मी "अजून नाई" म्हटलं, तर म्हणाला, "लागला की घेऊन येजो. विसरू नोको." मी विसरलो नव्हतो. फांदी तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. दुकानाच्या पायरीवर त्याचा जुना मापारी श्रावण बसला होता. मला पाहून तो उभा राहिला. म्हणाला, "गुर्जी, शेटजी गेले... पहाटंच. झोपेतच." मी त्याच्यावर खेकसलो, "काय बोलून राह्यला बे?" बिचाऱ्याने मान खाली घातली. त्याचं खरं होतं.

दुपारी तिरडीवर झेंडू-गुलाबाचे हार पडले, त्यांच्यात मी ती फांदी ठेवली. अकोल्याहून आलेले त्यांचे कोणी नातेवाईक काटे पाहून ती उचलायला पुढे झाले. मयताच्या अंगावर काटे कसे ठेवायचे, हा त्यांचा सवालही बरोबरच होता. पण पुष्पाभाभी, रतनची बायको, रडता रडता म्हणाल्या, "राहू द्या. त्यांचीच हाय ते." फांदी तशीच राहिली. मी त्या दिवशी घरी येऊन दारातल्या बाजेवर पडलो आणि पोरासारखा रडलो, हेही लिहून टाकतो. साठी उलटलेल्या माणसाने काय लिहावं आणि काय लिहू नये, हे सांगणारा एकच जण होता, आणि तोच गेला.

रतनलालच्या आजोबांनी मारवाडातून येऊन कारंज्याला दुकान टाकलं. आमचं घर हायवेच्या पलीकडच्या खेड्यातलं, पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याचं. कारंज्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर आलो ते पुढे कधी उठलोच नाही. मी मास्तर झालो, तो गादीवर बसला. दुकानात तो आमच्यासारखीच वऱ्हाडी बोलायचा, घरात आईशी मारवाडी, आणि वसुलीला जाताना शुद्ध मराठी. "शुद्ध बोललं की लोक घाबरतात," असं त्याचं म्हणणं. धान्याचा माल तो हातात घेऊन पाहायचा, वास घ्यायचा आणि शेवटी एक दाणा दाताखाली धरायचा. मग निकाल. ही तूर काळीतली, ही बरडावरची, हा हरभरा ओल लागलेला, ही मिरची दोन पावसाळे जुनी. नागपूरचे दलालसुद्धा त्याच्या जिभेपुढे बोलत नसत. 'बहुतेक' आणि 'असेल बुवा' हे शब्द त्याच्या तोंडून मी ऐकलेच नाहीत. चुकला तरी ठामपणे चुकायचा.

त्यांच्या स्वयंपाकघरात पत्र्याचा एक डबा असायचा. त्यात वाळवलेले केर. वाटाण्यापासून लहान बोरापर्यंतच्या आकाराची, सुरकुतलेली, काळपट हिरवी फळं, प्रत्येकाला बारीक देठ. मारवाडातून कोणी लग्नाकार्याला आलं की डबा भरून यायचा. त्याची भाजी सणाला, पाहुण्याला, आणि त्यांच्या शीतलासप्तमीच्या शिळ्या जेवणाला व्हायची. आंबट, तिखट, तेलात चमकणारी, आणि मागे जिभेवर किंचित कडवट चव ठेवणारी ती भाजी मी लहानपणापासून हादडत आलो. रतनची आई, आम्ही तिला माजी म्हणायचो, मला वाढताना हात आखडता घ्यायची नाही, पण डब्याचं झाकण मात्र लगेच लावायची. "ये देस की चीज है बेटा. इधर नहीं होती." माजी लहान वयात लग्न होऊन इकडे आली, ती परत चार-सहा वेळाच गेली असेल. रतन तर तिकडे एकदोनदा गेला तो लग्नाच्या मांडवातून मांडवात. केर खाऊन मोठा झालेल्या त्या माणसाने केराचं झाड कधी पाहिलंच नव्हतं. आंबा खाणाऱ्याला आंब्याचं झाड माहीत असतं, हे आपण गृहीत धरतो. पण डब्यातून येणाऱ्या वस्तूचं झाड कोण शोधत बसतो?

आता आमच्या बाजूची गोष्ट. गावाच्या आणि हायवेच्या मध्ये सरकारी ई-क्लासची जागा आहे, आमच्या वावराला लागूनच. सगळं बरड. वर मुरूम, खाली मुरूम, मधे मधे चुनखडीचे पांढरे खडे. पाऊस पडला की पाणी तिथे घटकाभरही थांबत नाही, नाल्याकडे पळतं. या बरडावर गवताशिवाय उगवतं ते नेपतीचं झुडूप. त्याला पान असं नाहीच. कोवळ्या फांदीला बारीक पानं येतात आणि दृष्ट लागल्यासारखी गळून जातात. मग उरतात नुसत्या हिरव्या काड्या, एकमेकींत गुंतलेल्या, आणि पेरापेरावर काट्यांच्या जोड्या. आम्ही ती तोडून वावराला कुपाटी करायचो, म्हणजे काट्यांचं कुंपण. लाकडाला वाळवी लागत नाही म्हणून बाबांच्या विळ्याची मूठ नेपतीची होती. फळ लागतं हेही ठाऊक होतं, पिकून लाल झालं की बुलबुल खातात हेही. पण ते माणसाने खायचं, असं आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या मनात आलं नाही. आमच्याकडे झाड होतं आणि फळ ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडे फळ होतं आणि झाड ठाऊक नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट असेल. चैत्रातली दुपार. रतन आमच्या घरी हरभरा पाहायला लुनावर आला होता. सौदा झाला, चहा झाला, आणि मी त्याला नवं खणलेलं शेततळं दाखवायला घेऊन निघालो. वाट बरडावरून. चालता चालता तो थांबला. एका नेपतीला हिरवीगार फळं लगडली होती. "हे काय होय बे?" "नेपती. कुपाटीची." तो वाकून पाहत राहिला. एक फळ देठासकट तोडलं, तळहातावर फिरवलं, उन्हात धरलं. त्याचा चेहरा असा झाला, जसा गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा आणि नाव आठवू नये. मग त्याने तेच केलं जे तो जन्मभर करत आला होता. फळ दाताखाली धरलं आणि कचकन् चावलं.

पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. डोळे मिटले, तोंड वाकडं झालं, मान झटकली, आणि कारंज्याच्या त्या नामांकित जिभेने ते फळ लांब थुंकलं. माझ्या बाटलीतलं पाणी संपवलं, तरी थुंकणं चालूच. मग धोतराच्या सोग्याने तोंड पुसून शेठने निकाल दिला, "हा केर नाई." मी म्हटलं, "अरे, केर हाय असं म्हटलं कोनं?" तर म्हणे, "मले वाटलं. पन नाई. केर असा नसते. केराची चव मले सांगतं का?" मी कुठे काय सांगत होतो! पण मला एक दिसलं. निकाल देऊन झाल्यावरही त्याने ओंजळभर फळं तोडली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

घरी सदरा धुवायला टाकताना माजींच्या हाताला ती फळं लागली. "रतन, ये केर किसने दिया?" रतनने छातीठोकपणे सांगितलं की तो केर नाही, मी चाखला आहे, विषासारखा कडू आहे. माजी म्हणे हसता हसता भिंतीला टेकल्या. कच्चा केर कोणी खातं का? त्याला मिठाच्या ताकात बुडवून बरेच दिवस उन्हात ठेवायचं, ताक बदलायचं, कडूपणा उतरला की धुवायचं, तेव्हा कुठे तो तोंडात घालण्यासारखा होतो. हे बायकांचं काम, चुलीपलीकडचं. जेवायला बसणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. जगभरचं धान्य चावून ओळखणारा हा माणूस आपल्याच घरची भाजी ओळखायला चुकला, कारण त्याला ती नेहमी आईच्या हातातून गेलेलीच भेटली होती. तरी माजींनाही खात्री नव्हती. "दिखता तो वैसाच है. पर यहाँ रेत कहाँ है?" वाळूशिवाय केर होईल, हे त्यांच्याही मनाला पटेना. मग बरणी निघाली, चिनीमातीची, तपकिरी झाकणाची. त्यात आमच्या बरडावरची फळं आणि खारं ताक.

काही दिवसांनी मला जेवायचं बोलावणं आलं. ताटात दोन वाट्या. एकीत डब्यातले मारवाडी केर, दुसरीत बरणीतले आमचे. माजींनी आधी स्वतः दुसऱ्या वाटीतलं घेतलं. बराच वेळ चावत राहिल्या. आम्ही दोघं परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे. मग त्या उठल्या, डब्याचं झाकण लावलं, डबा वरच्या फळीवर ठेवला आणि बरणी पुढ्यात ओढून म्हणाल्या, "अब इसमें से खाओ." झाला निकाल. पदराने डोळे पुसले, ते मिरचीमुळे असं आम्ही तिघांनीही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हट्टच धरला, मुझे पेड़ दिखाओ. कोणाची तरी जीप मिळवली. बरडावर उतरून माजी काठी टेकत नेपतीपाशी गेल्या आणि काट्यांची पर्वा न करता काड्यांमध्ये हात घातला. मग म्हणाल्या, यहाँ भी पत्ते नहीं हैं. जणू झाडाने वऱ्हाडात येऊन तरी पानं धरायला हवी होती. तिकडे त्यांच्या गावी म्हणे याला सावली नसते, तरी बकऱ्या याच्याच खाली बसायच्या, कारण दुसरं काही नसायचंच. बराच वेळ त्या तिथे उभ्या होत्या. इतकी वर्षं ज्याला 'इधर नहीं होती' म्हणून कुलूप लावलं, ते हाकेच्या अंतरावर उभं होतं...

परत येताना रतनने मला बाजूला घेतलं. "मधू, मी चावून थुकलो, हे बाजारात कोनाले सांगशीन तं पाह्य. दुकानदाराची जीभ चुकते असं समजलं तं माल कोन देईन मले?" मी शब्द दिला. माजींनीही ती गोष्ट पोटात ठेवली आणि काही वर्षांनी स्वतःबरोबर नेली. आता सांगायला हरकत नाही. जिभेची अब्रू जिभेच्या मालकाबरोबर गेली.

यानंतर रतनला जे वेड लागलं, त्याला मी साक्षीदार आहे. आधी एक रोप त्याने घरामागच्या अंगणात लावलं. नाल्याकाठची काळी माती आणली, शेणखत घातलं, रोज सकाळी पूजेचं पाणी झाल्यावर त्याला तांब्याभर पाणी. जावयाचीही एवढी बडदास्त कोणी ठेवत नाही. काड्या पिवळ्या पडल्या, बुंधा कुजला, रोप मेलं. पुन्हा लावलं, पुन्हा मेलं. मग एक दिवस तो बरडावर येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "लाड केले म्हनून मेलं. हे इथं काऊन जगते, ते पाहू दे मले." आणि त्याने पाहिलं. दुकान बंद झालं की लुना काढायची आणि दिसेल त्या माळाला पायाखाली घालायचं. जिथे काळी खोल आहे तिथे नेपती नाही. जिथे पाणी साचतं तिथे नाही. उतार हवा, मुरूम हवा, चुनखडीचे खडे असले तर उत्तम, आणि वर मोठ्या झाडाची सावली नको. "रेत नाई पाह्यजे त्याले. कोरडं पाह्यजे," हा त्याचा सिद्धांत. वाळवंट म्हणजे वाळू नव्हे, पाणी न थांबणं, हे मला माझ्या भूगोलाच्या पुस्तकाने कधी असं सोपं करून सांगितलं नव्हतं. पांढरी फुलपाखरं नेपतीभोवती घिरट्या घालतात, अंडी तिथेच घालतात, हेही आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. एकदा केळझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन परत येताना त्याने माझ्या खांद्यावर थाप मारून बस थांबवायला लावली. "हा उतार पाह्य. इथं असलाच पाह्यजे." उतरलो, उन्हात हिंडलो, एक काडी सापडली नाही. माणूस ओशाळेल की नाही? हा म्हणतो, "म्हंजे कोनीतरी काढला." आणि खरंच, गाडीवाटेच्या कडेला तोडलेला जुना बुंधा निघाला, एक हिरवा कोंब घेऊन. त्यानंतर सबंध आठवडाभर त्याच्याशी बोलणं अशक्य झालं होतं.

अशाच एका दुपारी बरडावर बसून तो म्हणाला, "मधू, आमाले सगळे 'मारवाडातले' म्हनतात. मले वाटे, केरही आमच्यासंगच आला असंन. पन आमी आलो. हा तं इथलाच हाय." बोलला आणि लगेच हरभऱ्याच्या भावावर गेला.

दर चैत्रात पहिली फळं धरली की तो यायचा. आल्याबरोबर एक कच्चं फळ तोडायचा, कचकन् चावायचा, तोंड वाकडं करून थुंकायचा आणि त्याच ठाम आवाजात जाहीर करायचा, "हा केर नाई!" मग आम्ही दोघं हसून हसून बेजार. ही आमची पूजा. त्याशिवाय बरणीसाठी तोडणी सुरू होत नसे.

मग दोन हजार सालानंतर गाव हिरवं करायची योजना आली. तालुक्याहून साहेब आले, बरड पाहिलं आणि म्हणाले, जागा पडीक आहे. जेसीबी लावून काटेरी झुडपं काढायची, ओळीने खड्डे खणायचे, रोपं लावायची. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. झाडं लावायला नाही कोण म्हणतो? सगळं गाव खूश. मी रतनला सांगितलं, तेव्हा त्याच्या हातातलं धान्य तसंच हातात राहिलं. मी ग्रामसभेत बोलणार होतो, त्याने अडवलं. "तुहं वावर लागून हाय. गाव म्हनंन, गुर्जीले बरड हडपाचं हाय. मी बोलतो."

ग्रामसभा मारुतीच्या पारावर. सरपंच सुमनताईंनी परवानगी दिली तसा रतन उभा राहिला. "झाडं लावा, लय लावा. पन नाल्याच्या अंगानं लावा. वरच्या बरडावर मशीन नोका घालू. तिथं झाड हाय." मागून कोणीतरी म्हणालं, "कोनतं झाड? ते काट्याचं?" सगळे हसले. "पान नाई म्हनून ते झाड नाई का?" रतन म्हणाला. तेवढ्यात नामदेव उठला. गावातला धट्टाकट्टा शेतकरी, तोंडाचा फटकळ. "शेटजी, खरं सांगा. हायवेच्या बाजूची जागा हाय. झाडं नोको, काऊन? तुमाले ढाबा टाकाचा हाय ना?"

नामदेवच्या बोलण्यात अर्धं सत्य होतं. बरडाला लागून हायवेवर आमच्या गावातल्याच एकाची जागा विकाऊ होती. रतनचा मुलगा नितेश नुकताच कॉलेज संपवून आला होता. त्याला वडिलांच्या गादीवर बसायचं नव्हतं. त्याला ट्रकवाल्यांसाठी ढाबा आणि मागे गोडाऊन काढायचं होतं. नकाशे काढून झाले होते, जागामालकाशी बोलणं पक्कं झालं होतं, इसाराची रक्कम तेवढी द्यायची बाकी होती. रतनने 'नाही' म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. 'हो' म्हटलं असतं तर नेपती गेली असती, आणि तीन पिढ्यांची पतही.

रतनने टोपी काढून हातात घेतली. "नामदेवभाऊ, जागा पाह्यली हाय आमी. माह्या पोरानं पाह्यली. बरडावरची नाई, बाजूची. पन आता तेही नाई घेत. या मारुतीसमोर सांगतो. या गावच्या शिवारात माह्या घरचा कोनी एक हात जागा घेनार नाई. आता तरी मशीन खाली न्या." नामदेवच खाली बसला. शेवटी सुमनताई म्हणाल्या, "शेटजी, लिहून द्या म्हनत नाई आमी. तुमची जीभ पुरे." खड्डे नाल्याच्या अंगाने खणले गेले. तिथली रोपं काही जगली, काही शेळ्यांनी खाल्ली. वरचं बरड जसंच्या तसं राहिलं.

घरी मात्र पेटलं. मी तिथेच होतो. नितेश ओरडला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. हळू आवाजात म्हणाला, "बाबूजी, एका काट्याच्या झुडपासाठी माहा धंदा बुडवला तुमी. मले इचारलंही नाई." रतन म्हणाला, "धंदा कुठंबी होते बेटा. हे कुठंबी होत नाई." वाक्य बरोबर होतं, पण मुलाला त्या दिवशी ते वाक्य नको होतं. त्याला बाप हवा होता. पुढच्या वर्षी नितेश जाम या गावी गेला, तिथल्या चौकात त्याने गोडाऊन टाकलं आणि धंदा चांगला चालवला. सणावाराला यायचा, पाया पडायचा, जेवायचा, जायचा. बरडाकडे मात्र तो कधी फिरकला नाही. हायवेने जाताना त्या वळणावर तो मान दुसरीकडे फिरवतो, असं पुष्पाभाभींनी मला सांगितलं होतं. रतन दर वर्षी केर मुरले की बरणी भरून जामकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याकडे द्यायचा. रिकामी बरणी धुऊन, पुसून परत यायची. बापलेकांमध्ये जे काही चालू होतं, ते त्या बरणीतून चालू होतं.

एकदाच, शेवटच्या वर्षांत कधीतरी, बरडावर तोडणी करताना तो थांबला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मधू, मी चुकलो का बे?" त्या माणसाच्या तोंडून असा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी "नाई" म्हटलं. एवढंच. त्याने मान हलवली आणि काम पुढे सुरू केलं. मी अजून काही बोलायला हवं होतं का, याचा विचार करत नाही. त्याला माझं 'नाई' पुरत असे.

मागच्या आठवड्यात नितेशचा फोन आला. "काका, बरणी रिकामी हाय. औंदा ते... कोन तोडते?" मी म्हटलं, "ये तू." "मले झाड ओळखू येत नाई काका." "मी दाखवतो ना. सकाळी येजो, ऊन तापाच्या आधी." तो आला. गाडी हायवेच्या कडेला लावली, नेमकी त्याच विकाऊ जागेसमोर. तिथे आता दुसऱ्याच कोणाचा ढाबा आहे. त्याने तिकडे एकदा पाहिलं आणि हातात ती तपकिरी झाकणाची बरणी धरून माझ्या मागे बरडावर चढला. फुलोरा ओसरला होता, काड्यांवर हिरवी फळं लगडली होती. पांढरी फुलपाखरं होतीच. नितेश वाकला, बराच वेळ पाहत राहिला. एक फळ देठासकट तोडलं, तळहातावर फिरवलं, उन्हात धरलं... मी त्याला अडवलं नाही. त्याने ते फळ दाताखाली धरलं आणि कचकन् चावलं.

डोळे मिटले, तोंड वाकडं झालं, मान झटकली. त्याने ते लांब थुंकलं, सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून अगदी ठामपणे म्हणाला, "काका, तुमची कायतरी चूक होऊन राह्यली. हा केर नाई."

मी तिथेच मुरमावर बसलो. आधी हसू फुटलं आणि मग आवरेनाच. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तसा नितेश घाबरून माझ्याजवळ बसला, "काका, काय झालं? पानी देऊ का?" मग मी त्याला ती गोष्ट सांगितली, जी त्याच्या बापाला दिलेल्या शब्दामुळे इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. पहिल्या चैत्राची, खिशातल्या ओंजळीची, माजींच्या दोन वाट्यांची, आणि दर वर्षीच्या आमच्या पूजेची. तो ऐकत होता, नेपतीकडे पाहत. माझं बोलून झालं. मग त्याने हात पुढे करून दुसरं फळ तोडलं, तोंडात टाकलं, चावलं, आणि या वेळी थुंकला नाही.